बिनदाराचा आडोसा

सोमवार, १२ फेब्रुवारी १९७३

बिंदगी आजही भरलेलीच परत आली!

सूनबाई पहाटे तलावाच्या बांधावर दुष्काळी कामाला जाते तेव्हा ती पितळी बिंदगी काठोकाठ भरून नेते. दिवस मावळल्यावर येते आणि तेच पाणी पुन्हा रांजणात ओतते. बरेच दिवस पाहतो आहे. एवढं ऊन, डोक्यावर मातीच्या पाट्या, आणि घोटभरही नाही? टँकर येतो तो दिवसाआड, कधी तोही नाही. घरात पाणी पुरावं, म्हाताऱ्याला कमी पडू नये म्हणून ही पोर स्वतःची तहान मारते — दुसरं काय असणार!

 बसल्या बसल्या दोन ओळी सुचल्या, भुजंगप्रयातात बसल्याही —

उन्हाळा सरेना, ढगाला कळेना
पुढे चालला बांध, पाणी दिसेना

बरी जमली. वर्गात असतो तर फळ्यावर लिहून पोरांकडून चालीवर म्हणून घेतली असती. आता वर्ग नाही, फळा नाही. ऐकायला रांजण आहे.

भीमाबाईला 'पाणी पीत जा' म्हणावं, तर म्हणायचं कसं? आमच्याकडे सून सासऱ्याशी तोंडावर बोलत नाही. 'मामंजींना म्हणावं भाकर झाली' — असं ती ओट्याच्या खांबाला सांगते, आणि मी ते खांबाकडून ऐकतो. माझ्या मुलाची, आसारामची, आई होती तोवर निरोप तिच्यामार्फत जायचे. आता खांब.

बुधवार, १४

दमलो. काही न करता दमलो. रेशनवरच्या मिलो ज्वारीची तांबडी भाकरी घशाखाली उतरत नाही.

शुक्रवार, १६

दुपारी बनुबाई हाका मारतच आली. बनुबाई म्हणजे शेजारच्या छगनची आई, माझ्याच वयाची, तोंडाची फटकळ. मागून दोघी बायका भीमाबाईला धरून आणत होत्या. बांधावरच भोवळ येऊन पडली. अंगात ताप, ओठ फुटलेले.

मी म्हटलं, "बनुबाई, माझ्यासाठी पाणी वाचवते हो ती. तिला समजावा."

बनुबाई फणकारली. "पानी वाचवती? तुमच्यापायी? गुरुजी, तुमी लई पुस्तकं वाचली, पर डोस्कं हाय तितंच हाय!"

"मग काय?"

"पानी पिलं की जावं लागतं. कुटं जायाचं?"

मला कळेना. मग तिनं पदर तोंडावर घेऊन, मान वळवून सांगितलं. बांधावर चार गावची माणसं. पूर्वी तिथं बाभळी होत्या, घाणेरी होती, तरवड होता. चुलीला सगळं तोडून नेलं. आता नजर टाकावी तिथवर उघडा मुरूम. आडोसा कसला तो नाही. बाया पहाटे अंधारात जाऊन येतात, मग रात्री अंधारातच. मधला सगळा दिवस कळ काढायची. म्हणून कुणीच पाणी पीत नाही. बिंदगी न्यायची ती लोकांनी विचारू नये म्हणून!

"तिला जळजळ व्हतीय. चार दिस झाले. सांगनार कुनाला? खांबाला?"

सोमवारच्या त्या दोन ओळी खोडाव्याशा वाटल्या. खोडल्या नाहीत. राहू देत.

शनिवार, १७

पाथर्डीच्या डॉक्टरांकडे छगन तिला घेऊन गेला. गोळ्या दिल्या. म्हणाले, पाणी भरपूर प्यायला हवं, नाहीतर मूत्रपिंडावर जाईल, मग माझ्या हातात काही नाही. भीमाबाईनं मान डोलावली म्हणे.

मान डोलावली! सोमवारी ही पुन्हा बांधावर जाणार आणि पुन्हा तहानेली राहणार. दरसाल ती आसारामबरोबर जोडीनं कारखान्यावर उसाला जाते. यंदा तो एकटाच गाडी-बैलं घेऊन गेला, ही मागं राहिली. घरी म्हातारा आहे म्हणून. म्हणजे मी.

सोमवार, १९

मुकादमाला भेटलो. कारभारी त्याचं नाव. माझ्याच हाताखालून गेलेला. पाढे कधी पाठ झाले नाहीत, आता शेकडो माणसांची हजेरी मांडतो.

"गुरुजी, कामावर सावली हाय, खायाला सुकडी हाय, औषिदाची पेटी हाय. आडोशाचं काय मला वरनं आलेलं न्हाई."

"वरून यायची वाट बघायची? तुझी बहीणही त्याच बांधावर आहे ना?"

तो पायानं खडे उडवत म्हणाला, "तट्टे लावले असते, पर तट्टा आज लावला की उद्या कुनाच्या तरी चुलीत. लाकडाचं कायबी टिकत न्हाई. रस्त्याच्या कामाची डांबराची फाटकी पिंपं पडल्यात मागं. ती जळत न्हाईत. लागतील तितकी न्या. मला इचारू नका, मी बघितलं न्हाई."

जळत नाहीत! चूल खाणार नाही असा आडोसा. परत येताना पाय दुखत होते, पण डोक्यात काहीतरी चाललं होतं. कितीतरी महिन्यांनी.

गुरुवार, २२

गहिनीनाथ लोहाराच्या पालावर दिवस गेला. पिंपाची वरची-खालची झाकणं छिन्नीनं काढायची, अंग उभं चिरायचं, ठोकून सपाट करायचं. पुरुषभर उंच, दीड हात रुंद असा झकास पत्रा निघतो. गहिनीनाथ ठोकतो कमी, बोलतो जास्त. "गुरुजी, शाळा सोडून ह्यो धंदा कुटं काढला? आमच्या पोटावर पाय देता काय?"

डांबर जाळून काढलं, घासून पत्रे स्वच्छ केले. चौकोनी खोली, एक दार, दाराला आतून कडी. कागदावर आकृती काढली तेव्हा स्वतःवरच खूष झालो.

सळयांच्या बदल्यात त्याला आमच्या जुन्या गाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा दिल्या. त्याच गाडीतून मी आसारामच्या आईला आणलं होतं. चाकं आता ओट्याला टेकून उभी आहेत, लोखंडाविना. बघवत नाहीत. आत आणून ठेवीन म्हणतो.

सोमवार, २६

खोली उभी केली. मुकादमाच्या राहुटीशेजारी, सपाट जागेवर. उन्हात आरशासारखी चमकत होती. छगन म्हणाला, "देऊळ झकास झालं. देव कवा बसवायचा?"

मंगळवार, २७

एकही बाई आत गेली नाही.

बुधवार, २८

एकही नाही.

गुरुवार, १ मार्च

दुपारी वावटळ आली आणि देऊळ आडवं झालं. सपाट भिंती, वाऱ्याला छाती देऊन उभ्या — पडणारच! पत्रा गडगडत गेला तेव्हा सगळा बांध हसला. मीही हसलो असतो, पण बसायला दगड शोधत होतो.

संध्याकाळी बिंदगी ओतल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. भरलेलीच होती.

शुक्रवार, २

बनुबाईला विचारलं. तिनं आज पदरही तोंडावर घेतला नाही. एवढा उशीर झाल्यावर लाज कसली, म्हणाली.

"दार कशाला केलं? बाई दाराशी गेली की समदा बांध टकामका बघतो — ह्या आत गेल्या, ह्या भाईर आल्या. आन कडी! कडी वाजली की मुकादम राहुटीतनं मान वर करतो. पत्रा तर असा वाजतो की जनू वरात आली. त्यापरीस कळ काढलेली बरी."

"मग कसा हवा?"

"आमी एकल्या जातो का कवा? चौघी मिळून, बोलत बोलत जातो. कोन कशाला गेलं ते कळूच न्हाई, असं पायजे."

मग जाता जाता, "लाजंला कडी लागत न्हाई, गुरुजी. आड लागतो."

दार नको. कडी नको. आवाज नको. वाऱ्यानं पडायला नको. चुलीत जायला नको. आणि बांधाचं काम पुढं सरकलं की बायांना स्वतः उचलून नेता यावा. ह्यातलं एकही मला सुचलं नव्हतं. मी आपली खोली बांधली. आयुष्य खोलीत गेलं, दुसरं काय बांधणार!

मंगळवार, ६

ऊन. पडून राहिलो. कशातच मन नाही. भीमाबाई पुन्हा बारीक तापानं कण्हते. मी ऐकतो हे तिला कळू नये म्हणून खोकत नाही.

गुरुवार, ८

सापडलं!!

पहाटे पडल्या पडल्या ती जुनी शाळा आठवत होतो. चिंचेखालचा वर्ग. ल-गा पोरांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा मी त्यांना अंगणात चालायला लावलं होतं. लघू आला की आखूड पाऊल, गुरू आला की लांब. भुजंगप्रयात म्हणजे लगागा चार वेळा: लहान, मोठं, मोठं — लहान, मोठं, मोठं... पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून ओरडत चालली होती. गंमत अशी की आखूड पावलाला प्रत्येक जण थोडा वळायचा. वळता वळता रांग स्वतःभोवतीच गुंडाळत गेली, गोगलगायीच्या शंखासारखी. शेवटी सगळ्यात पुढचा बन्सी मधोमध अडकला. मी बाहेरून शोधतो तर बन्सी दिसेचना! आत खुशाल मांडी घालून चिंचा खात होता.

दार नव्हतं. कडी नव्हती. आणि बन्सी कुणालाच दिसला नव्हता!

उठलो, जुन्या पोस्टकार्डांच्या पट्ट्या कापल्या. एक अरुंद, दोन रुंद. एक अरुंद, दोन रुंद. अरुंदाशी जास्त वळायचं, रुंदाशी किंचित. तीन गणांत, म्हणजे तीन लगागांत, फेरा पुरा होतो आणि चौथा गण पहिल्याच्या पाठीमागून जातो, मधे माणूस जाण्यापुरती वाट सोडून. बाहेरून बघावं तर नुसती वळलेली भिंत. फुंकर मारून पाहिली. सरळ पट्टी पडते, वळलेली पडत नाही!

कितीतरी वर्षं तो छंद शिकवला. तो उभा राहतो हे आज कळलं.

शनिवार, १०

गहिनीनाथला समजावलं. तो म्हणाला, "कवितंचं माप मला कळत न्हाई. फुटात सांगा."

रुंद म्हणजे अख्खा पत्रा, अरुंद म्हणजे अर्धा. रुंद आठ, अरुंद चार. पत्र्यांच्या उभ्या कडा दुमडून नळ्या करायच्या: एकाला वर आणि खाली, शेजारच्याला मधे, पेटीच्या बिजागरीसारख्या. दोन्हींतून वरून एकच लांब सळई सोडायची. तीच बिजागरी आणि तीच मेख. खालचं टोक पहारीनं पाडलेल्या भोकात रुतवायचं. खिळा नाही, बोल्ट नाही. सळई उपसली की पत्रा सुटा.

आणि ह्या वेळी डांबर जाळायचं नाही! आतल्या अंगाला आहे तसं राहू द्यायचं, वर वाळू फासायची, म्हणजे चिकटणार नाही. जाड डांबराचा पत्रा ठोकून बघितला. ठप्प. वाजतच नाही. बाहेरून शेणमातीचा हात; चमकायला नको, तापायला नको.

गहिनीनाथ पहिली बिजागरी उघडझाप करून बघत म्हणाला, "ह्ये बरं झालंय बरं का. आता तुमची कविता म्हनून दाखवा." म्हटली. तो मान हलवत राहिला, ठोकायचं विसरला.

शुक्रवार, १६

हात सोलवटले. बारा पत्रे तयार. रात्री झोप चांगली लागली.

सोमवार, १९

काल शिमगा झाला. आज कामावर माणसं कमी म्हणून आजचाच दिवस धरला. बारा बायांनी बारा पत्रे डोक्यावरून नेले. मी ओढ्याच्या बाजूची जागा दाखवली आणि परत फिरलो. मी तिथं उभं राहणं बरं दिसलं नसतं. लांबून बनुबाईचा आवाज येत होता, "गुरुजीनं सांगितलंय तसं! ल्हान, मोटं, मोटं! अगं ल्हान कुटाय? मोटं घालती व्हय मोट्यावर!" मग सगळ्यांचा मिळून, जात्यावर बसल्यासारखा — ल्हान, मोटं, मोटं...

माझा वर्ग! इतक्या वर्षांनी. मागे वळून पाहिलं नाही.

मंगळवार, २०

आज रांजणात पाणी ओतल्याचा आवाज आला नाही. थांबलो. आलाच नाही. भीमाबाई आत गेल्यावर हळूच उठून बिंदगी उचलली.

रिकामी! उपडी केली तर थेंब नाही.

खांबाला टेकून जरा वेळ उभा राहिलो.

शुक्रवार, २३

छगन सांगत होता, बांध आता इतका चढला की वरून आडोशात दिसायला लागलं. त्याच बायांच्या हातची माती, त्यांच्याच आडोशाहून उंच! मला घोर लागला. काय करावं, वरून छप्पर घालावं का, आणखी पत्रे आणावेत का...

"तुमी कशाला घोर करता? बायांनी कवाच हलवला. वड्याच्या खालच्या अंगाला नेला. जेवनाच्या सुट्टीत उपसला आन उभाबी केला."

मला कुणी विचारलं नाही. बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं.

रविवार, २५

आज सुट्टी, बांधावर कुणी नाही. म्हणून आडोसा एकदा डोळ्यांनी बघावा म्हणून गेलो. पाहिला. वाऱ्यात उभा होता, अंग मुरडून. आत गेलो नाही. परतताना बांधाच्या उतारावर पाय घसरला.

मंगळवार, २७

डाव्या पायाचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. घरात तापतं म्हणून बाज अंगणात लिंबाखाली टाकली आहे. छगन सकाळी आणि रात्री येतो, मला उचलून परसात नेतो. मधे कुणी नाही. मधे कुणी नकोच. अंगण चारी बाजूंनी उघडं, रस्त्यानं माणसं जातात.

भीमाबाई कामावर जात नाही. माझ्यामुळं पुन्हा. ती चुलीपाशी, मी बाजेवर, आमच्यामधे खांब.

गुरुवार, २९

आसारामला निरोप धाडला आहे. कारखान्याचा पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे उसाचा हंगाम संपल्याशिवाय, त्याला येता यायचं नाही.

तहान फारशी लागत नाही. जीभ जड झाली आहे. लिहायचा कंटाळा येतो. तांब्या उशाशी आहे.

शनिवार, ३१

डोकं गरगरतं. छगन म्हणाला, इथल्या बांधाचं काम संपलं, पुढचं काम पाडव्यानंतर, दुसऱ्या शिवारात. आडोशाचं काय झालं ते विचारायचं राहिलं. कारभारीनं भंगारात टाकला असेल. टाकू दे.

रविवार, १ एप्रिल

दुपारी डोळा लागला होता. जागा झालो तो पत्रे ठेवल्याच्या आवाजानं — ठप्प, ठप्प. बाया डोक्यावरून उतरवत होत्या. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. बनुबाई पहारीनं भोकं पाडत होती. भीमाबाई एकेक सळई सोडत होती आणि पुटपुटत होती — ल्हान, मोटं, मोटं. एकदाही चुकली नाही. बाजेभोवती फेरा पुरा झाला. रस्ता दिसेना, अंगण दिसेना, वर नुसतं आभाळ आणि लिंबाची फांदी. बाजेखाली राखेचं घमेलं सरकवून बाया निघून गेल्या.

मग पत्र्यापलीकडून आवाज आला. खांबाला नाही, मला!

"मामंजी, तांब्या परवाधरनं भरल्यालाच हाय. मी रोज बघती. आता प्या."

प्यालो. सगळा.